फोर्ट स्टिकिन

जुन्नरचा नाणेघाट तुम्हांला ठाऊक असेल. जुन्या काळी घाटावरचा माल याच वाटेने कोकणातील बंदरांकडे जाई. पुढे मुंबईची गोदी मोठी झाली. मग माल वाहणारी माणसेही तिकडे गेली. जुन्नर-आंबेगावच्या कितीतरी घरांतील कर्ते पुरुष मुंबईत हमाली करत. त्या गोदीतील एका जहाजाची ही हकीकत आहे.

फोर्ट स्टिकिन हे वाफेवर चालणारे मालवाहू जहाज १९४२ साली कॅनडात बांधले गेले. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते इंग्लंडहून निघाले. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, लढाऊ विमाने आणि सोन्याच्या १२४ विटा होत्या. कराचीला त्यात कापसाच्या हजारो गासड्या भरल्या. खालच्या कप्प्यात कापूस आणि त्याच्या वर स्फोटके! शांततेच्या काळात असा माल कोणी एकत्र भरला नसता.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. स्फोटके असलेल्या जहाजावर लाल निशाण लावण्याचा रिवाज होता. ते लावलेच नव्हते. १४ एप्रिलला दुपारी कापसातून धूर येऊ लागला. आग कशी लागली? बहुधा कोणाच्या तरी विडी-सिगारेटमुळे. बंब आले. जवानांनी जहाजात शेकडो टन पाणी ओतले. पण पाण्याबरोबर जळता कापूसही वर तरंगू लागला. जहाज बाहेर न्यावे की तेथेच बुडवावे, यावर अधिकाऱ्यांचे एकमत होईना. मोलाचा वेळ गेला.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावरही धक्का नोंदला गेला. शेजारचे जलपद्म जहाज उचलले जाऊन धक्क्यावर आदळले. कमीत कमी आठशे माणसे मेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. युद्धामुळे बातम्यांवर निर्बंध होते. वर्तमानपत्रांत सविस्तर हकीकत मे महिन्यात आली. तोवर गावाकडच्या माणसांनी वाट पाहण्याशिवाय काय करावे?

दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो याच जवानांच्या आठवणीसाठी. सोन्याची एक वीट तर मैलभर दूर एका घराचे छप्पर फोडून आत पडली होती. घरमालकाने ती सरकारला परत केली. बाकीच्या विटांपैकी काही गोदीचा गाळ काढताना कित्येक वर्षांनी सापडल्या.