ॲट्रोपीन
ॲट्रोपीन : बेलाडोना, धोत्रा, खुरासानी ओवा इ. सोलॅनेसी कुलातील वनस्पतींपासून मिळणारे अल्कलॉइड. वनस्पतींत ते मुख्यतः हायोसायमीन या रूपात असते व निष्कर्षणाच्या वेळी त्याचे ॲट्रोपिनात रूपांतर होते. धोत्र्यात त्यांच्याबरोबर स्कोपोलामीनही असते. नाशिकच्या पंचवटीतील कपालेश्वरासारख्या शिवमंदिरांत महाशिवरात्रीस धोत्र्याची फुले व फळे वाहतात. त्यामुळे ही विषारी वनस्पती सर्वपरिचित आहे.

गुणधर्म : पांढरे, स्फटिकी व चवीला कडू. वितळबिंदू ११४°–११६° से. पाण्यात अल्प प्रमाणात, परंतु अल्कोहॉल व क्लोरोफॉर्म यांत सहज विरघळते. औषधात पाण्यात विद्राव्य असलेले त्याचे सल्फेट वापरतात.

क्रिया व उपयोग : परानुकंपी तंत्रिकांच्या टोकांशी स्रवणाऱ्या ॲसिटिलकोलिनाची क्रिया ॲट्रोपीन रोखते. त्यामुळे लाळ, घाम व श्वासनलिकांतील स्राव कमी होतात, नाडी जलद होते, आतड्याची हालचाल मंदावते व डोळ्याची बाहुली विस्फारते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी स्राव कमी करण्यासाठी, हृदयाची गती फार मंदावल्यास आणि नेत्रचिकित्सेत ते वापरतात.

कीटकनाशकांची विषबाधा : द्राक्षबागांत व कापसाच्या शेतांत वापरली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशके शरीरात गेल्यास ॲसिटिलकोलीन साचते, फुप्फुसे स्रावांनी भरून रोगी गुदमरतो. अशा वेळी ॲट्रोपीन प्राणरक्षक ठरते. शस्त्रक्रियेपूर्वी सु. ०·६ मिग्रॅ. मात्रा पुरते; येथे प्रौढास १ ते ३ मिग्रॅ. शिरेतून देऊन ती दर पाच मिनिटांनी दुप्पट करीत जातात. छातीतील स्राव आटणे, नाडी व रक्तदाब सुधारणे ही मात्रा पुरेशी झाल्याची खूण होय. केवळ बाहुली विस्फारली म्हणून औषध थांबविणे घातक ठरते. स्नायूंचा पक्षाघात मात्र ॲट्रोपिनाने हटत नाही. त्यासाठी कृत्रिम श्वसनाची गरज पडू शकते.

विंचूदंश : कोकणात आढळणाऱ्या लाल विंचवाच्या दंशातही घाम व लाळ यांचे प्रमाण वाढते, परंतु पुढे रक्तदाब वाढून हृदयावर ताण येतो. ॲट्रोपिनाने नाडी अधिकच जलद होते, म्हणून घाम व लाळ थांबविण्यासाठी ते देणे अपायकारक असते. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८६ मध्ये या दंशावर प्राझोसीन या औषधाचा उपयोग प्रसिद्ध केला. सारख्या दिसणाऱ्या लक्षणांमागील कारण ओळखणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून दिसते.

धोके : जादा मात्रेने किंवा धोत्र्याच्या बिया खाण्यात आल्याने तोंड कोरडे पडते, त्वचा लाल व तप्त होते, दृष्टी अंधूक होते, लघवी अडते व भ्रम होतो, तीव्र विषबाधेत बेशुद्धी व मृत्यू संभवतो. बियांतील अल्कलॉइडांचे प्रमाण झाडागणिक बदलत असल्याने निर्धोक मात्रा ठरविता येत नाही. मुलांना ही विषबाधा विशेष बाधते. रोग्याचे अंग थंड पाण्याने पुसून त्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. फायसोस्टिग्मीन हा उतारा तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच देतात. काचबिंदूच्या काही प्रकारांत व पुरःस्थ ग्रंथी वाढलेली असल्यास ॲट्रोपीन अतिशय सावधगिरीने वापरावे लागते.