संगणकावरील खुली पोर्ट कशी ओळखावीत?

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर संगणक विषाणूने सुमारे दीडशे देशांत हाहाकार माजविला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांना रुग्णांच्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. विंडोज संगणकांत फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी असलेल्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमार्गे हा विषाणू पसरत होता. त्यामागील त्रुटी दूर करणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच उपलब्ध केली होती. परंतु असंख्य संगणकांवर ती बसविण्यात आली नव्हती.

आयपी पत्ता हा इमारतीचा पत्ता मानल्यास पोर्ट हा तेथील खोलीचा क्रमांक होय. हे क्रमांक ० ते ६५,५३५ असे असतात. संकेतस्थळांसाठी ८० व ४४३, तर विंडोज संगणक दुरून हाताळण्यासाठी ३३८९ हा क्रमांक रूढ आहे. एखादा प्रोग्राम ज्या क्रमांकावर बाहेरील संदेशांची प्रतीक्षा करीत असतो, ते पोर्ट खुले समजले जाते.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटस्टॅट -एएनओ’ हा आदेश इंग्रजी लिपीत दिल्यास यादी दिसते. त्यात ‘लिसनिंग’ अशी नोंद असलेली टीसीपी पोर्ट खुली असतात. शेवटच्या रकान्यातील क्रमांक टास्क मॅनेजरमध्ये शोधल्यास संबंधित प्रोग्रामचे नाव कळते. लिनक्समध्ये ‘एसएस -टीयूएलएनपी’ हा आदेश उपयोगी पडतो. पोर्टसोबत १२७.०.०.१ हा पत्ता असल्यास ती सेवा त्याच संगणकापुरती मर्यादित असते, ०.०.०.० असल्यास ती संगणकाच्या सर्व नेटवर्क जोडण्यांवर उपलब्ध असते.

मात्र फायरवॉल मार्ग अडवीत असल्यास ही सेवा बाहेरून दिसत नाही. त्यामुळे दुसऱ्या संगणकावरूनही पडताळणी करणे आवश्यक ठरते. त्यासाठी गॉर्डन लायन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘एनमॅप’ हे साधन जगभर वापरले जाते. अशी तपासणी स्वतःच्या किंवा लेखी परवानगी मिळालेल्या संगणकापुरतीच मर्यादित ठेवणे इष्ट होय.

पोर्ट खुले असणे हा दोष नव्हे. ते कोणी व कशासाठी खुले ठेवले आहे, हे ठाऊक नसणे धोक्याचे असते. अनावश्यक सेवा बंद करणे, आवश्यक सेवा अद्ययावत ठेवणे आणि फायरवॉलद्वारे मोजक्याच संगणकांना प्रवेश देणे, हाच यावरील उपाय होय.