एका खेळावर भागलंच नाही: जोन जॉइस

वॉटरबरी हे अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातलं, एकेकाळी पितळेच्या कारखान्यांचं शहर. जोन जॉइस तिथली, जन्म १९४० चा. वडील सॉफ्टबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही खेळायचे, त्यांच्या मागोमाग पोरगीही मैदानावर. १९५४ मध्ये, वयाची चौदा वर्षं पुरी होताहोता, ती स्ट्रॅटफर्डच्या ‘रेबेस्टॉस ब्रेकेट्स’ या सॉफ्टबॉल संघात दाखल झाली. रेबेस्टॉस ही मोटारींच्या ब्रेकचे लायनर बनवणारी कंपनी. मुलींना खेळाच्या जोरावर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळण्याचे ते दिवस नव्हते. चांगल्या खेळाडू सांभाळायच्या त्या अशा कंपन्यांनीच.

१९६३ च्या सुमाराला ती शिकायला कॅलिफोर्नियातल्या चॅपमन कॉलेजात गेली. उन्हाळ्यात ‘ऑरेंज लायोनेट्स’कडून सॉफ्टबॉल, हिवाळ्यात बास्केटबॉल. १९६४ च्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत एका सामन्यात तिनं एकटीनं ६७ गुण केले. बायकांना फार पळवलं तर झेपणार नाही, या समजुतीपायी तेव्हा महिलांचा संघ सहा जणींचा असे आणि बहुतेकींना मधली रेषा ओलांडायची मनाई असे. पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ आला १९७१ मध्ये. पुढच्याच वर्षी ‘टायटल नाइन’ कायदा झाला आणि कॉलेजांना मुलींच्या खेळावर पैसा खर्च करणं भाग पडलं. गंमत अशी की शिष्यवृत्त्या आल्या तसं दोन्ही खेळ खेळणं अवघडही झालं. आता कॉलेजचं बास्केटबॉल नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतं आणि सॉफ्टबॉल फेब्रुवारीतच सुरू होतं. दोन्ही संघांत नाव असलेली मुलगी आजही निघते, पण क्वचित.

जोनची खरी ख्याती पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी म्हणून. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून टाकायचा असतो. आपल्याकडे गल्लीत लहान भावाला ‘अंडरआर्म’ टाकतात, तसला लाडाचा प्रकार हा नव्हे. तिच्या काळी पिचर आणि बॅटर यांच्यात अंतर होतं ४० फूट. बेसबॉलमध्ये ते साडेसाठ फूट. ताशी १०५ किलोमीटर वेगानं ४० फुटांवरून आलेला चेंडू बॅटरला जेवढा वेळ देतो, तेवढाच वेळ बेसबॉलमधला ताशी सुमारे १६० किलोमीटरचा चेंडू देतो: अर्ध्या सेकंदाहूनही कमी. त्यात खालून सुटलेला चेंडू वर चढल्यासारखा भासतो, आणि खांद्यावरून येणाऱ्या चेंडूंची सवय झालेली नजर फसते.

टेड विल्यम्सची नजर अशीच फसली. १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी राखणारा, अनेकांच्या मते बेसबॉलचा सर्वोत्तम बॅटर, १९६० मध्ये नुकताच निवृत्त झालेला. मुलांच्या कॅन्सर उपचारांसाठी निधी गोळा करायच्या एका प्रदर्शनी कार्यक्रमात, वॉटरबरीतच, तो जोनसमोर उभा राहिला. हजारो लोक बघत होते. त्याला चेंडू धड लागेना. शेवटी बॅट टाकून तो निघून गेला. पुढे बेसबॉलमधल्याच हँक ॲरनचीही तीच गत झाली. हे किस्से सांगताना लोक तिच्या चेंडूचा वेग हवा तसा फुगवतात. त्याची गरज नाही. ७५० हून जास्त विजय, पराभव फक्त ४२, आणि दीडशेच्या आसपास सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट नाही, एवढं पुरेसं आहे.

तिला ‘अष्टपैलू’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ती व्हॉलीबॉल खेळली, गोल्फ खेळली, कारण एकाही खेळात बाईचं पोट भरेल अशी सोय नव्हती. महिलांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आलं १९७६ मध्ये, तेव्हा ती ३५ वर्षांची होती. सॉफ्टबॉल आलं १९९६ मध्ये, तेव्हा ५५ वर्षांची. १९७६ मध्येच टेनिसपटू बिली जीन किंगच्या साथीनं तिनं महिलांची व्यावसायिक सॉफ्टबॉल लीग उभी केली. लीग चालली ती चारही वर्षं तिच्या कनेक्टिकट फाल्कन्स संघानं विजेतेपद नेलं, आणि मग पैशाअभावी लीग गुंडाळली गेली.

तोवर ती गोल्फकडे वळली होती. व्यावसायिक दौऱ्यावर पाऊल ठेवलं १९७७ मध्ये, म्हणजे इतर जणी निवृत्तीचा विचार करू लागतात त्या वयात. विजेतेपद नाही मिळालं, पण १९८२ मध्ये एका फेरीत अवघे १७ पट्स (चेंडू भोकात ढकलण्याचे हलके फटके) घेऊन तिनं विक्रम नोंदवला. १९९४ मध्ये फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठानं सॉफ्टबॉल संघ सुरू करायला तिलाच बोलावलं. मार्च २०२२ मध्ये, ८१ व्या वर्षी, ती वारली तेव्हाही ती या संघाची प्रशिक्षक होती. नावावर १,००२ विजय. आणि मधली बरीच वर्षं त्याच विद्यापीठाचा महिला गोल्फ संघही तीच सांभाळत होती.