चाकणचा कांदा आणि मे फ्लॉवरचा चेंडू

चाकणच्या बाजारातून घरी आलेला एखादा कांदा देठापासून मुळापर्यंत उभा, बरोबर मधोमध कापून पाहा. तळाशी एक टणक, चपटी चकती दिसेल. तेच कांद्याचं खोड! त्यावर एकात एक बसलेले रसाळ पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले तळ. पानांनी उन्हात तयार केलेलं अन्न तिथं साठवलेलं असतं. आणि अगदी आत, पिवळसर हिरवा कोंब. खोड, पानं, कोंब आणि पुढच्या हंगामाची शिदोरी, सगळं एका मुठीत मावतं.

आता निगडी-प्राधिकरणात एखाद्या बंगल्याच्या कुंपणाशी मे महिन्यात फुलणारा तांबडा चेंडू आठवा. कालपर्यंत जिथं नुसती माती होती, तिथून जाड दांडा वर येतो आणि टोकाला शंभरावर बारीक फुलं एकदम उमलतात. हा मे फ्लॉवर. शेतातल्या कांद्याला डेंगळे येतात, त्यांची ठेवणही अशीच असते: आधी पातळ आवरणात गुंडाळलेला गोंडा, मग एकाच बिंदूतून चहूकडे निघालेले देठ. हे साम्य नात्यातलं आहे. 2009 साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुलझाडांच्या वर्गीकरणाची नव्यानं मांडणी केली, तेव्हा कांदा-लसूण आणि लिलीसारखी दिसणारी ही बागेतली झाडं एकाच कुळात आली. मे फ्लॉवर मूळचा आफ्रिकेतला. रेन लिली आणि उन्हाळ्यात फुलणारी मोठी लाल लिली अमेरिका खंडातल्या. तिन्ही चिंचवडच्या कुंड्यांत सुखानं नांदतात.

लाल लिलीच्या कांद्यात तर थक्क करणारा हिशेब चालू असतो. साधारण चार पानं तयार झाली, की आत एका फुलदांड्याचा अंकुर धरतो. पुन्हा चार पानं, पुन्हा एक अंकुर. तो अंकुर वाढून उमलायला 11 ते 14 महिने लागतात. म्हणजे एप्रिलमध्ये कुंडीत जे फूल दिसतं, ते गेल्या वर्षीच आत ठरलेलं असतं. कांदा चांगला पोसलेला असेल, तर एका हंगामात दोन-दोन दांडे येतात.

या कुळातल्या अनेक झाडांची मुळंही विलक्षण. काही मुळं वाढून मातीत घट्ट रुततात आणि मग आखडतात. त्यांच्यावर आडव्या सुरकुत्या पडतात आणि कांदा हळूहळू खाली ओढला जातो. उन्हानं मातीचा वरचा थर तापला, तरी खोलवरचा कांदा त्यातून वाचतो.

हे कांदे आपल्याकडे इतके रुळले, कारण त्यांच्या मूळ मुलखातही ओला आणि कोरडा असे ऋतू आलटून पालटून येतात. दिवाळीनंतर मे फ्लॉवरची पानं पिवळी पडतात. झाड मेलं असं वाटतं, पण कांदा विश्रांतीला गेलेला असतो. मग वळवाची सर येते, माती भिजते आणि दांडा वर सरकू लागतो. रेन लिलीही पावसानंतर अवघ्या काही दिवसांत फुलते. ट्यूलिपची गरज नेमकी उलटी. त्याला सुमारे 12 आठवडे 9 अंशांच्या आसपासची थंडी लागते. म्हणून 2007 मध्ये खुली झालेली ट्यूलिपची मोठी बाग श्रीनगरला शोभते. विकत आणलेला ट्यूलिप आपल्या गॅलरीत एकदा फुलेलही. पुढच्या वर्षी त्याला तशी थंडी मिळत नाही.

लावायचं सोपं आहे. काळी माती एकटी वापरली, तर पाणी साचून कांदा सडतो. तिच्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळावं. कुंडीच्या तळाचं भोक मोकळं हवं. लाल लिलीची मान मातीच्या वर ठेवावी, मे फ्लॉवरचं टोक मातीशी समतल असावं, रेन लिलीचे छोटे कांदे दोनेक इंच खोल लावावेत. मे फ्लॉवरची पानं सुकली, की त्याचं पाणी तोडावं. एक मात्र विसरू नये: नातं कांद्याशी असलं, तरी हे कांदे विषारी असतात. त्यांच्यातल्या लायकोरीन या द्रव्यानं उलट्या होतात. ते स्वयंपाकघरातल्या टोपलीपासून आणि लहान मुलांपासून लांबच ठेवावेत.

ऑगस्टमध्ये लिलीची लांब पानं कुंडीबाहेर लोळू लागतात. ती कापून बाग नीटनेटकी करावीशी वाटते. तेव्हा कात्री बाजूला ठेवावी, कुंडी उजेडाकडे सरकवावी आणि मूठभर कंपोस्ट घालावं. एप्रिलची फुलं त्याच पानांच्या जोरावर आत वाढत असतात.