फूल की दोन पानं? गोव्याच्या कौलानंतरचा मतभेद

सोमवार, १६ जानेवारी १९६७. गोव्यातल्या मतदाराला त्या दिवशी ना उमेदवार निवडायचा होता, ना पक्ष. त्याच्यापुढे दोनच चिन्हं होती, एक फूल आणि दोन पानं. फुलाला मत म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. दोन पानांना मत म्हणजे तो केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा. पोर्तुगिजांची ४५१ वर्षांची सत्ता जाऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत ज्यांना राजकारणावर मोकळेपणाने बोलण्याचीही मुभा नव्हती, त्यांना आता आपल्या भूमीचं पुढं काय व्हावं हे थेट विचारलं जात होतं.

३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं, म्हणजे शंभरातल्या जवळजवळ ब्याऐंशी जणांनी. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. सतरा हजार माणसांचं मन इकडचं तिकडे झालं असतं, तर आज पणजी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याचं ठिकाण असती.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पुढची फारशी सांगितली जात नाही. कौलानंतर सव्वादोन महिन्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी, गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरणासाठीच जन्मलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १६ जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला. विलीनीकरण रोखणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. कौल हरलेले भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि कौल जिंकलेले डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी बाकांवर बसले. मतदार तेच होते, गावं तीच होती. मग लोकांनी दोन महिन्यांत मत फिरवलं का? मला तसं वाटत नाही. लोकांना दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी त्यांची दोन वेगळी उत्तरं दिली.

भांडण नेमकं कशाचं होतं?

पाठ्यपुस्तकी उत्तर भाषेचं आहे: मराठी विरुद्ध कोंकणी. ते खरं आहे, पण अपुरं आहे. गोव्यातल्या हिंदू घरात बोलणं कोंकणीत चाले, तर देवळातलं भजन, पोथी, उत्सवातलं नाटक आणि अक्षरओळख मराठीत होई. ख्रिस्ती घरातली कोंकणी चर्चच्या प्रार्थनांत आणि तियात्र या नाटकांत होती, आणि ती रोमी लिपीत लिहिली जाई. त्यामुळे 'तुझी भाषा कोणती' या साध्या प्रश्नाचंही एकच उत्तर देणं अनेकांना अवघड होतं.

त्याखाली जमिनीचा प्रश्न होता. तो समजायचा तर भाटकार आणि मुंडकार ही जोडी नीट पाहिली पाहिजे. भाटकार म्हणजे माडाच्या, काजूच्या बागायतीचा धनी. मुंडकार म्हणजे त्या भाटात झोपडं बांधून राहणारा. घर त्याचं, पण घराखालची जमीन भाटकाराची. त्या बदल्यात त्याने भाटाची राखण करायची, हाक आली की कामाला जायचं. झोपडीची भिंत वाढवायची म्हटलं तरी धन्याची परवानगी लागे. धनी रुसला तर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं घर सोडायची वेळ येई. शेतावरच्या कुळाचीही हीच गत होती. सीमेपलीकडे महाराष्ट्रात कूळकायदा लागू झाला होता. मग मुंडकाराला आणि कुळाला विलीनीकरणात काय दिसलं असेल? त्याला आपल्या घराखालची जमीन दिसली. भाटकार बहुतेक सारस्वत किंवा उच्चवर्णीय ख्रिस्ती होते. बहुजन समाजातून वर आलेले, खाणमालक असूनही गोरगरिबांचे म्हणून ओळखले जाणारे बांदोडकर मुंडकाराला आणि कुळाला आपले वाटले, ते यामुळेच.

समोरच्या बाजूची भीतीही पोकळ नव्हती. 'रत्नागिरीसारखा एक जिल्हा होऊन कोपऱ्यात पडू आणि प्रत्येक कागदासाठी मुंबई गाठावी लागेल,' हा युक्तिवाद शिकलेल्या माणसाला पटत होता. मुक्तीनंतर डेप्युटेशनवर आलेल्या परक्या अधिकाऱ्यांचा अनुभव ताजा होता. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता, तेव्हा माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारा रेंदेर आणि फेणी गाळणारा भट्टीवाला आपल्या पोटाचा विचार करत होता. ख्रिस्ती माणसाला एवढ्या मोठ्या राज्यात आपण बुडून जाऊ असं वाटत होतं. आणि कोंकणी ही मराठीची बोली आहे हे वाक्य कोंकणीत लिहिणाऱ्यांना फार लागत होतं.

'झालाच पाहिजे' ही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली घोषणा एका बाजूला होती, तर 'आमचें गोंय आमकां जाय' ही दुसऱ्या बाजूला. मला सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती वर्तमानपत्रांची. विलीनीकरणाची बाजू मराठी दैनिक 'गोमन्तक' मांडत होतं. विलीनीकरणाच्या विरोधातलं प्रभावी दैनिक 'राष्ट्रमत', तेही मराठीच. त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत आणि विलीनीकरणवाद्यांचे मुद्दे एकेक करून खोडून काढत. हिंदू वाचकापर्यंत पोचायचं तर मराठीतूनच पोचायला हवं, हे या मंडळींना ठाऊक होतं. गोवा महाराष्ट्रात जाऊ नये हे मराठी वाचकाला मराठीतूनच पटवलं गेलं. भाषेवरचं प्रेम आणि राज्याची निवड या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, याचा याहून मोठा पुरावा नाही.

ख्रिस्त्यांनी हरवलं?

निकालानंतर महाराष्ट्रात आणि गोव्यातही एक वाक्य रूढ झालं: ख्रिस्त्यांनी विलीनीकरण पाडलं. हे वाक्य हिशेबाला टिकत नाही. तेव्हा गोव्यातली ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत होती आणि दोन पानांना ५४ टक्क्यांहून जास्त मतं पडली. एकूण एक ख्रिस्ती मत दोन पानांना गेलं असं धरलं, तरी हिंदूंची मोठी संख्या त्यांच्या सोबत असल्याशिवाय हा आकडा जुळत नाही. सासष्टी तालुका विलीनीकरणाच्या विरोधात एकवटला, तर पेडणे, डिचोली, सत्तरीसारख्या नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर घेतलेल्या, तालुक्यांचा कल फुलाकडे राहिला, हे खरं. पण रवींद्र केळेकर, मनोहरराय सरदेसाई, चंद्रकांत केणी ही विरोधातली लेखक माणसं ख्रिस्ती नव्हती. रेघ दोन धर्मांच्या मधून गेली नव्हती. ती हिंदू समाजाच्या आतून, वाड्यावाड्यांतून गेली होती.

हरलेल्या बाजूने कुणाकडे तरी बोट दाखवणं ही अशा मतदानानंतरची जगभरची रीत आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ३० ऑक्टोबर १९९५ रोजी स्वतंत्र होण्यावर मतदान झालं. 'नको' म्हणणारे ५०.५८ टक्के, 'हवं' म्हणणारे ४९.४२ टक्के. त्या रात्री प्रांताचे प्रमुख जॅक पारिझो यांनी भाषणात पराभवाचं खापर पैशावर आणि वांशिक अल्पसंख्याकांच्या मतांवर फोडलं. त्यावर एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

जुळणारी आणखी एक गोष्ट आहे. क्वेबेकमध्ये १९८० सालीही असंच मतदान झालं होतं आणि स्वतंत्रतावाद्यांची बाजू मोठ्या फरकाने हरली होती. पुढच्याच वर्षी लोकांनी त्याच स्वतंत्रतावादी पक्षाला, पार्टी क्वेबेक्वाला, प्रांताची सत्ता पुन्हा दिली. १९९५ नंतर १९९८ मध्ये पुन्हा तेच झालं. स्कॉटलंडमध्ये १८ सप्टेंबर २०१४ रोजी ५५ टक्के लोकांनी ब्रिटनपासून वेगळं व्हायला नकार दिला, आणि मे २०१५ च्या संसदीय निवडणुकीत वेगळेपणाची मागणी करणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने तिथल्या ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या. गोव्याने हे १९६७ मध्येच करून दाखवलं होतं. 'सीमा बदलू नका, पण ज्या कारणांसाठी आम्ही ती बदलायला निघालो होतो ती कारणं विसरू नका,' असं हा मतदार सांगत असतो.

जिथे कुणी विचारलंच नाही

माझं घर जयपूरच्या विद्याधर नगरात आहे.  इथे राहून गोव्याच्या कौलाचं वेगळेपण जास्तच जाणवतं. ३० मार्च १९४९ रोजी जयपूर, जोधपूर, उदयपूर, बिकानेर अशी संस्थानं मिळून राजस्थान झालं, ते राजांच्या सह्यांनी. इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या अजमेरला १९५२ पासून स्वतःची विधानसभा होती. तिच्यात ३० सदस्य होते, पुढे गोव्याच्या पहिल्या विधानसभेत होते तेवढेच, आणि हरिभाऊ उपाध्याय मुख्यमंत्री होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने अजमेर राजस्थानात गेलं. तोवर मुंबई राज्यात असलेला अबू रोड तालुकाही त्याच दिवशी इकडे आला. दोन्ही ठिकाणी मतपेटी ठेवली गेली नाही. निर्णय आयोगाचा आणि संसदेचा होता.

स्वतंत्र भारतात सार्वमतं झाली नाहीत असं नाही. जुनागढमध्ये फेब्रुवारी १९४८ मध्ये सुमारे एक लाख नव्वद हजार मतांपैकी पाकिस्तानच्या बाजूने केवळ ९१ मतं पडली. सिक्कीममध्ये एप्रिल १९७५ मध्ये ५९,६३७ विरुद्ध १,४९६ असा निकाल लागला. मतदानाआधीच निकाल ठरल्यासारखे हे कौल होते. गोव्याचं तसं नव्हतं. तिथे दोन्ही बाजूंना जिंकण्याची आशा होती, आणि म्हणून हरल्यावर शेजारी कसं राहायचं हा प्रश्नही खरा होता.

तो सुटायला मतदानाआधी घेतलेला एक निर्णय उपयोगी पडला. विलीनीकरणवादी सरकारच्या देखरेखीखाली कौल घेतला तर निकालावर कुणाचा विश्वास बसेल, हा विरोधकांचा आक्षेप होता. तो मान्य झाला आणि बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. मतदानाच्या वेळी त्यांच्या हाती सत्ता नव्हती. त्याच बाजूची दुसरी एक मागणी मात्र फेटाळली गेली. मुंबईच्या कुडांमध्ये (सामायिक वसतिघरांमध्ये) राहणाऱ्या आणि परदेशी गेलेल्या गोंयकारांना मत द्यावं, असं सिक्वेरा म्हणत होते. ते झालं नाही. दोन्ही बाजूंना थोडं मिळालं, थोडं सोडावं लागलं, आणि निकाल दोघांनाही पाळावा लागला.

हरलेल्यांना काय मिळालं?

माझ्या मते गोव्याच्या कौलाचा खरा धडा पुढच्या वीस वर्षांत आहे. फुलाला मत देणाऱ्या १,३८,१७० लोकांना महाराष्ट्र मिळाला नाही, पण ज्यासाठी तो हवा होता त्यातलं पुष्कळसं मिळालं. बांदोडकरांनी खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. कुळांना संरक्षण देणारा कायदा १९६४ मध्येच झाला होता. १९७३ मध्ये बांदोडकर वारले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या काळात मुंडकाराला घरातून हुसकावता येऊ नये म्हणून १९७५ चा कायदा आला, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी दिली. अंमलबजावणी रखडली, खटले चालले, हे आहेच. तरी मुंडकाराच्या मुलाला आपल्या घरासाठी महाराष्ट्रात जायची गरज उरली नाही. विलीनीकरणाची मागणी मागे पडली, ती कुणी दडपली म्हणून नव्हे. तिच्यामागचं दुखणं कमी झालं होतं.

भाषेचा प्रश्न मात्र कौलाने विचारलाच नव्हता, आणि कुणी तो वेळीच सोडवलाही नाही. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि जुना वाद नव्याने पेटला. राजभाषेच्या आंदोलनात १९८६ च्या डिसेंबरात हिंसाचार झाला, सात माणसं गेली. फेब्रुवारी १९८७ मध्ये देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. ३० मे १९८७ रोजी गोवा देशाचं पंचविसावं राज्य झाला. हा पर्याय १९६७ च्या मतपत्रिकेवर नव्हता, तरी दोन पानांना मत देणाऱ्या कित्येकांच्या मनात तोच होता. रोमी कोंकणीवाले आणि मराठीवाले आजही आपलं म्हणणं मांडतात. १६ जानेवारी कुणी अस्मिताय दीस म्हणून पाळतं, कुणाला ती तारीख अजून सलते.

हा मतभेद संपावा असं मला वाटत नाही. दोन्ही बाजूंची माणसं आपल्या घराचा, पोटाचा आणि बोलीचा विचार करून मत देत होती. त्यांना गद्दार किंवा अडाणी म्हणणं हा त्यांचा अपमान आहे, मग ते म्हणणारा पुण्यातला असो की मडगावातला. मतमोजणीने सीमेचा निकाल लागतो. हरलेल्या माणसाने वेगळं मत का दिलं याचा शोध जिंकलेल्यांनी घ्यायचा असतो, आणि त्याचं उत्तर कायद्यातून, शाळेतून, सातबाऱ्यातून द्यायचं असतं. गोव्याने जमिनीच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी दिलं, तिथे माणसं एकत्र राहिली. भाषेच्या बाबतीत उशीर केला, तिथे जीव गेले. आपल्याकडे सीमाभागातल्या गावांपासून वेगळ्या विदर्भापर्यंत असे प्रश्न अजून उघडे आहेत. त्यांवर बोलताना कुणाची बाजू मोठी एवढंच मोजत बसू नये. लहान बाजूचं दुखणं काय आहे हे आधी विचारावं, आणि मतदान होण्याची वाट न पाहता विचारावं.