जमैकाचा सॅक्सोफोन, साठ्यांचा तबला

१९५१ साली जमैकाच्या एका बँडबरोबर ऐन विशीतला जो हॅरियट लंडनला आला आणि तिथलाच झाला. हातात अल्टो सॅक्सोफोन, अंगात रग.

त्याचं घराणं विचाराल तर किंग्स्टनची अल्फा बॉइज स्कूल. कॅथलिक नन्सनी अनाथ, गरीब मुलांसाठी चालवलेली शाळा. पण तिचा बँड असा तयारीचा, की पुढे स्का संगीत गाजवणाऱ्या ‘स्कॅटलाइट्स’मधले टॉमी मॅकूक आणि डॉन ड्रमंडही तिथूनच निघाले.

लंडनमध्ये जो पोटासाठी मिळेल तिथं वाजवायचा. कधी रॉनी स्कॉटच्या बिग बँडमध्ये, कधी ख्रिस बार्बरच्या जुन्या वळणाच्या मंडळींत, तर कधी मायकेल गॅरिकच्या कार्यक्रमात चक्क कवितावाचनाला साथ!

मग फुप्फुसाच्या आजारानं त्याला इस्पितळात टाकलं. पडल्या पडल्या डोक्यात एकच घोळ : ठरलेली चाल, ठरलेला ठेका सोडून वाजवलं तर? १९६०च्या नोव्हेंबरात त्यानं ‘फ्री फॉर्म’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. अमेरिकेतल्या सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमननं ‘फ्री जॅझ’ वाजवला तो डिसेंबरात. तरीही नक्कल केल्याचा शिक्का बसला जोवरच! पुढच्या ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ला मात्र अमेरिकेच्याच ‘डाउनबीट’ मासिकानं पाच तारे दिले. ब्रिटिश जॅझ अल्बमला असा मान पहिल्यांदाच मिळत होता.

आता आपल्या गल्लीतली गोष्ट. कोलकात्यात जन्मलेला जॉन मेयर लंडनच्या ऑर्केस्ट्रांत व्हायोलिन वाजवायचा. किस्सा असा सांगतात, की जोचाही निर्माता असलेल्या डेनिस प्रेस्टननं ‘एखादी रचना आहे का?’ विचारलं. मेयर ‘आहे’ म्हणाला आणि रात्रभर जागून ती लिहून काढली! त्याच ओळखीतून १९६६मध्ये ‘इंडो-जॅझ स्वीट’ आला. एकीकडे जोची मंडळी, दुसरीकडे सतार, तंबोरा, तबला. आणि रचनांची नावं ‘राग मेघ’, ‘राग गौड सारंग’. तबल्यावर मुंबईचे केशव साठे. हे गृहस्थ पुढे जॉन रेनबर्नच्या लोकसंगीताच्या ग्रुपमध्येही वाजवत होते. त्यांच्यावर खरं तर वेगळा लेख हवा.

१९६९मध्ये आणखी एक मुंबईकर भेटला : गोवेकर आईबापांचा मुलगा, गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा. जयपूरच्या महाराणीनं त्याला गिब्सन गिटार दिली होती म्हणे. दोघांच्या अल्बमचं नाव? ‘हम दोनो’! देव आनंदचा सिनेमा त्याआधी आठ वर्षं येऊन गेला होता. नॉर्मा विन्स्टन ही पुढे नावारूपाला आलेली गायिका यात शब्दांवाचून गाते.

पैसा मात्र जोला कधी मिळाला नाही. २ जानेवारी १९७३ रोजी साउदॅम्प्टनमध्ये कर्करोगानं तो गेला, अवघ्या ४४व्या वर्षी. अमेरिकी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या तोडीचे पत्ते इकडे ब्रिटनमध्येही काही जणांच्या हातात आहेत, अशी त्याची एक फुशारकी होती. तीच त्याच्या थडग्याच्या दगडावर कोरली आहे.

जोला ऐकायचं असेल तर ‘फ्री फॉर्म’पासून सुरुवात करू नका, बिचकाल. आधी ‘हम दोनो’ लावा.