अंतर आणि उड्डाणकाल : बेलोरा व नागपूर

तिवसा हे अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील तालुक्याचे गाव होय. विमानाने मुंबईस जाऊ इच्छिणाऱ्या तेथील प्रवाशास पूर्वी नागपूर गाठावे लागे. दिनांक १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीनजीकच्या बेलोरा येथून मुंबईसाठी नियमित विमानसेवा सुरू झाली. बेलोरा तिवशाहून जवळ आहे आणि नागपूरच्या मानाने मुंबईसही जवळ आहे. तेव्हा आकाशातील वेळही तेथून कमीच लागेल, असे अनुमान सहजच निघते. ते मात्र बरोबर नाही.

प्रथम अंतराचा विचार करू. बेलोरा २०°४९′ उत्तर व ७७°४३′ पूर्व येथे आहे. मुंबईचा विमानतळ १९°०५′ उत्तर व ७२°५२′ पूर्व येथे. विसाव्या अक्षवृत्ताजवळ रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.६ कि.मी. भरतो, अक्षांशाचा सुमारे ११०.७. यावरून पूर्व-पश्चिम अंतर ५०७ व दक्षिणोत्तर १९२ कि.मी. येते आणि कर्ण सुमारे ५४२ कि.मी. ठरतो. इतक्या पल्ल्यात पृथ्वीच्या गोलत्वामुळे पडणारा फरक नगण्य असतो. याच रीतीने नागपूर-मुंबई अंतर सुमारे ६८३ कि.मी. येते, म्हणजे १४१ कि.मी. अधिक.

बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर लांबीची असून तेथे येणारे एटीआर-७२ हे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० कि.मी. वेगाने जाते. त्या हिशेबाने ५४२ कि.मी.ला ६५ मिनिटे पुरावीत. परंतु सेवेच्या आरंभीच्या वेळापत्रकात १ तास ४५ मिनिटे दिलेली होती. उरलेली ४० मिनिटे गेली कोठे? विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सारा काळ वेळापत्रकात धरतात. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढणीतील मंद वेग, मुंबईच्या गजबजलेल्या आकाशातील प्रतीक्षा व वळसे, हे सर्व त्यात येते. हा भाग अंतराबरोबर फारसा वाढत नाही. नागपूरहून निघणारे जेट विमान ताशी आठशे कि.मी.हून अधिक वेगाने जात असल्याने ६८३ कि.मी.चे मूळ अंतर पन्नास मिनिटांत तोडते; स्थिर काळ मिळवूनही दीड तासाच्या आसपास पोहोचते. अधिक दूरचा विमानतळ अशा रीतीने आकाशात जवळचा ठरतो.

वाऱ्याचाही परिणाम असतो. हिवाळ्यात विदर्भावर उंचीवरील वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात. त्यांचा वेग ताशी ५० कि.मी. धरल्यास एटीआरला मुंबईकडे जाताना सुमारे ७२ व परतताना ५९ मिनिटे लागतील.

अंतर घटत गेले की स्थिर काळाचे वर्चस्व वाढते. बेलोरा ते अकोल्याचे शिवणी विमानतळ हे हवाई अंतर जेमतेम ७० कि.मी. आहे. येथे विमान पूर्ण उंची व वेग गाठण्यापूर्वीच उतरू लागेल. (जून २०२२ मध्ये याच दोन शहरांदरम्यानच्या महामार्गावर एका मार्गिकेचा ७५ कि.मी. डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालून विश्वविक्रम नोंदविण्यात आला. तो थर या हवाई अंतराहून लांब भरतो!)

तिवशाच्या प्रवाशाचा लाभ म्हणून आकाशात शोधू नये. तो रस्त्यावर आहे. नागपूर विमानतळ त्यास बेलोऱ्याच्या सुमारे दुप्पट दूर पडतो. मात्र बेलोऱ्याची सेवा आरंभी आठवड्यातून तीनच दिवस होती, आणि नागपूरहून मुंबईस दररोज अनेक विमाने जातात. ज्याचे काम मंगळवारी आहे, त्याला बुधवारच्या विमानाचा उड्डाणकाल कितीही कमी असला तरी उपयोगाचा नाही.